टेबल नेमकं कोणाच्या नावावर आहे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पिंपळगाव बसवंतजवळच्या एका द्राक्ष पॅकहाऊसचं सॉफ्टवेअर तुम्ही एकटे सांभाळता. डेटाबेस पोस्टग्रेस १४. आजवर ॲप, काट्यावरचा संगणक आणि अकाउंटवाले असे सगळे एकाच यूझरने आत शिरत होते, आणि त्याचा पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठीवर. बाहेरून येणाऱ्या डेव्हलपरचा तेवढा स्वतःचा यूझर होता. तुम्ही अकाउंटच्या मुलासाठी फक्त वाचण्यापुरता वेगळा यूझर काढला, सगळ्या टेबलांवर सिलेक्ट (वाचण्याचा हक्क) दिला. आठ दिवस छान चाललं. मग एक नवीन टेबल आलं आणि त्यावर 'परमिशन डिनाइड'. पुन्हा ग्रँट (हक्क देण्याची कमांड) दिला, तर पुढच्या टेबलावर तेच रडगाणं. शेवटी वैतागून त्या यूझरला सुपरयूझर (ज्याला कशाचीच आडकाठी नाही असा यूझर) करून मोकळे झालात. दरम्यान डेव्हलपर काम सोडून गेला, त्याचा यूझर उडवायला गेलात तर डेटाबेस ऐकत नाही. आता तुम्हाला ग्रँट कमांडची एक यादी हवी आहे.

यादी खाली ओघात येईलच. पण नुसती ती चालवून तुमचं काम होणार नाही, कारण तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ मालकीत आहे. नाशिककडच्या सातपूर, अंबड, दिंडोरी या पट्ट्यातल्या कारखान्यांचे आणि पॅकहाऊसचे डेटाबेस सांभाळण्यात माझी सतरा-अठरा वर्षं गेली. परवानग्यांचा गुंता म्हणून माझ्याकडे जे आलं त्यातलं बहुतेक तपासल्यावर मालकीचा गुंता निघालं.

आपल्याकडे जमिनीचा वाद निघाला की शहाणा माणूस आधी सातबारा मागतो. सातच्या नमुन्यात मालकाचं नाव, आणि एका बाजूला 'इतर अधिकार' म्हणून रकाना. सोसायटीचं कर्ज, विहिरीतला हिस्सा, शेजाऱ्याची वाट, सगळं त्या रकान्यात. पोस्टग्रेसमधल्या प्रत्येक टेबलाचा असाच उतारा असतो. मालक एक. बाकीच्यांना दिलेले सिलेक्ट, इन्सर्ट, अपडेट, डिलीट (ओळी वाचणं, घालणं, बदलणं, काढणं) हे सगळे इतर अधिकार. टेबल पाडून टाकणं किंवा त्यात रकाना वाढवणं हे मात्र ग्रँटने कोणाला देताच येत नाही. ते मालकीतच येतं. आणि तुमचं ॲप जर टेबलांच्या मालकाच्याच नावाने आत येत असेल, तर त्याच्याकडून तुम्ही काहीही रिव्होक करा (म्हणजे काढून घ्या), तो स्वतःचं स्वतःला परत देऊ शकतो.

उतारा काढायला काही खर्च नाही. पीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेसला कमांड द्यायच्या खिडकीत) बॅकस्लॅश डीटी मारा, शेवटच्या रकान्यात मालक दिसेल. बॅकस्लॅश डीपी मारा, इतर अधिकार दिसतील. तिथल्या ओळी पहिल्यांदा पाहणाऱ्याला मोडी वाटतात, पण वाचायला सोप्या आहेत. बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे ज्याला हक्क मिळाला त्याचं नाव, उजवीकडे एकेका अक्षरात हक्क (आर म्हणजे वाचणं, ए म्हणजे नवीन ओळ घालणं, डब्ल्यू म्हणजे बदलणं, डी म्हणजे ओळ काढणं), आणि तिरप्या रेघेनंतर ते कोणी दिलं त्याचं नाव. डावीकडे काहीच नसेल तर तो हक्क पब्लिकला, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिलेला आहे. आणि सबंध रकाना रिकामा असेल तर 'कोणालाच काही नाही' असं समजू नका. अजून एकही ग्रँट झालेला नाही, मालकाचे हक्क शाबूत आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

आता काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगून टाकतो. ऑफिसात दोनच माणसं असतील आणि सर्व्हर बाहेरच्या जगाला दिसतच नसेल, तर मी पुढे सांगतोय त्यातला निम्मा पसारा तुम्हाला नको. सॉफ्टवेअर विकत घेतलेलं असेल आणि कोणत्या यूझरने जोडायचं हे तुमच्या हातात नसेल, तर आधी त्या कंपनीशी बोला, नाहीतर एक दिवस सकाळी त्यांचं अपडेट येईल आणि ॲप उघडणारच नाही. तुमचं ॲप सुरू होताना स्वतःच टेबलं बनवत-बदलत असेल (हल्लीच्या बऱ्याच फ्रेमवर्कमध्ये असंच असतं), तर ते काम वेगळ्या लॉगिनवर काढल्याशिवाय ॲपला मालकीपासून तोडता येणार नाही. सर्व्हर क्लाउडवर भाड्याचा असेल तर खरा सुपरयूझर बहुधा तुम्हाला मिळालेलाच नसतो, आणि ते बरंच आहे. तुमच्या वर्णनावरून सर्व्हर पॅकहाऊसच्याच खोलीत आहे, ॲप तुम्हीच लिहिलंय आणि आत शिरणारे सात-आठ जण आहेत, असं धरून चालतो.

पोस्टग्रेसमध्ये २००५ च्या ८.१ आवृत्तीपासून यूझर आणि ग्रुप असा भेद उरलेला नाही. दोन्ही रोलच. ज्याला लॉगिन करता येतं तो यूझर, एवढाच फरक. या सोयीचा फायदा घेऊन मी प्रत्येक ठिकाणी तीन थर करतो. सगळ्यात खाली एक मालक रोल, समजा 'पॅकहाऊस_मालक', ज्याला लॉगिनच नाही. सगळी टेबलं त्याच्या नावावर. लॉगिन नसल्यामुळे त्याचा पासवर्ड नाही, आणि पासवर्ड नाही म्हणून तो चिठ्ठीवर जाण्याचा प्रश्न नाही. मधल्या थरात कामाचे रोल, 'वाचणारे' आणि 'लिहिणारे', त्यांनाही लॉगिन नाही. वरच्या थरात प्रत्यक्ष आत येणारे: ॲप, काटा, अकाउंट, आणि माणसं आपापल्या नावाने. ग्रँट फक्त मधल्या थराला. माणसाला थेट टेबलावर हक्क द्यायचा नाही, त्याला मधल्या रोलचा सदस्य करायचं. नावं रोमन लिपीत आणि सगळी लहान अक्षरांत ठेवा. एकदा मोठं अक्षर घुसलं की जन्मभर दुहेरी अवतरणं टाकत बसाल.

हे थर असले की 'याला काढा, त्याला घ्या' हे एका ओळीचं काम होतं. नसले की असं होतं: यूझरकडून सिलेक्ट रिव्होक केला तरी त्याला टेबल दिसतंच, कारण त्याला तो हक्क दुसऱ्या वाटेनेही मिळालेला असतो, कुठल्या तरी रोलमधून किंवा पब्लिकमधून. रिव्होक म्हणजे मनाई नव्हे. जो ग्रँट दिला होता तेवढाच तो परत घेतो. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'डिनाय' नावाची खरी मनाई असते आणि ती ग्रँटवर मात करते. तिथून आलेले लोक पोस्टग्रेसमध्ये ती शोधत बसतात. इथे ती नाही.

टेबलापर्यंत पोचण्याआधी तीन दारं आहेत हेही लक्षात घ्या. पहिलं पीजी-एचबीए फाइलचं: कोणत्या यूझरने कोणत्या पत्त्यावरून यायचं. अकाउंटचं लॉगिन फक्त अकाउंटच्या संगणकावरून चालेल असं तिथे लिहिता येतं. या फाइलमध्ये जुळणारी पहिली ओळ लागू होते, पुढची वाचलीच जात नाही, म्हणून सैल ओळ वर ठेवलीत तर खालच्या सगळ्या कडक ओळी वाया. दुसरं दार डेटाबेसचं, कनेक्ट. ते मुळात पब्लिकला उघडं असतं. तिसरं स्कीमाचं (डेटाबेसमधला टेबलं ठेवायचा कप्पा), यूसेज. स्कीमावर यूसेज नसेल तर टेबलावर सिलेक्ट असूनही उपयोग शून्य.

स्कीमाच्या दारात तुमच्या आवृत्तीची एक खोड आहे. २०२२ मध्ये आलेल्या १५ पर्यंत 'पब्लिक' नावाच्या स्कीमात कोणालाही टेबल बनवता यायचं. १५ मध्ये ते बंद झालं, पण नव्याने बनवलेल्या डेटाबेसपुरतं. जुना डेटाबेस अपग्रेड करून आणलात तर जुनी सवलतही मागोमाग येते. म्हणून आजच 'रिव्होक क्रिएट ऑन स्कीमा पब्लिक फ्रॉम पब्लिक' चालवा. यातला पहिला पब्लिक म्हणजे स्कीमाचं नाव, दुसरा म्हणजे समस्त जनता. असं नाव ठेवणाऱ्याला काय म्हणावं! आणि १४ ला नोव्हेंबर २०२६ नंतर दुरुस्त्या मिळणार नाहीत, तेव्हा अपग्रेड करावंच लागेल. हे सगळं त्याच्या आधी नीट लावून घ्या.

आता तुमच्या नव्या टेबलांचं कोडं. 'ग्रँट सिलेक्ट ऑन ऑल टेबल्स इन स्कीमा' मधला 'ऑल' म्हणजे ही कमांड चालवली त्या क्षणी असलेली सगळी टेबलं. उद्या येणाऱ्या टेबलाशी तिचा काही संबंध नाही. उद्यासाठी वेगळी कमांड आहे, 'ऑल्टर डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस'. ती तुम्ही चालवून पाहिली आणि 'तरीही जमलं नाही' असं लिहिलंय. का जमलं नाही ते मी इथे बसून सांगू शकतो. ही कमांड 'यापुढे मी जी टेबलं बनवेन त्यांना' असं म्हणते, 'यापुढे जी टेबलं बनतील त्यांना' असं म्हणत नाही. तुम्ही ती तुमच्या लॉगिनने चालवली, टेबलं बनवत होता तो डेव्हलपर, स्वतःच्या लॉगिनने. त्याच्या टेबलांचा मालक तो. तुमचा नियम त्याच्या वावराला लागू कसा होणार?

म्हणून नियम मालक रोलच्या नावाने करायचा: 'ऑल्टर डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस फॉर रोल पॅकहाऊस_मालक इन स्कीमा पब्लिक ग्रँट सिलेक्ट ऑन टेबल्स टू वाचणारे'. 'फॉर रोल' हे दोन शब्द लोक हमखास गाळतात आणि मग दोन दिवस डोकं खाजवतात. तसाच एक नियम 'लिहिणारे' साठी टेबलांवर आणि एक सिक्वेन्सवर (ओळींना नंबर देणारी वस्तू, तिच्याबद्दल पुढे). नियम बसला की नाही ते बॅकस्लॅश डीडीपीने दिसतं. मग एवढंच उरतं की टेबल कोणीही बनवो, बनताना ते 'पॅकहाऊस_मालक' च्या नावावर बनलं पाहिजे. डेव्हलपरला त्या रोलचा सदस्य करा आणि टेबल बनवण्याआधी 'सेट रोल पॅकहाऊस_मालक' म्हणायला लावा. माणसं विसरतात, म्हणून मी त्याच्या लॉगिनलाच ते बांधून टाकतो: 'ऑल्टर रोल डेव्हलपर सेट रोल टू पॅकहाऊस_मालक'. आत आला की आपोआप मालकाची टोपी घालून काम करतो. नोंद मात्र त्याच्याच लॉगिनच्या नावाने ठेवता येते.

एक आडवाटही आहे. १४ मध्ये 'पीजी_रीड_ऑल_डेटा' नावाचा तयार रोल आला. अकाउंटच्या मुलाला त्याचा सदस्य केलंत की आजची, उद्याची सगळी टेबलं त्याला दिसतील, कुठलाच नियम लिहायला नको. बॅकअपच्या लॉगिनला मी तोच देतो. अकाउंटला देत नाही, कारण त्यात खरोखर सगळंच येतं, पगाराचं टेबलसुद्धा.

सुपरयूझर मात्र आज रात्रीच्या आत काढा. 'ऑल्टर रोल अकाउंट नोसुपरयूझर', एवढंच. सुपरयूझरला परवानगीची तपासणीच लागू होत नाही, हे तुम्हाला माहीत असेल. कमी लोकांना माहीत असतं ते पुढचं: तो 'कॉपी' कमांडच्या आडून सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टमवर प्रोग्राम चालवू शकतो. म्हणजे तुम्ही त्या मुलाला हिशेब वाचायला चावी दिली आणि ती सगळ्या गोदामाची निघाली. त्यात तो एक्सेल थेट डेटाबेसला जोडतो असं तुम्ही लिहिलंय. पासवर्ड बहुधा त्या फाइलमध्येच साठवलेला असेल. ती फाइल व्हॉट्सॲपवर कुठे कुठे जाऊन आली असेल, विचार करा. मुलावर संशय घ्यायचं कारण नाही. फाइलवर घ्या.

आणि कोणी सांगेल की 'डिफॉल्ट ट्रान्झॅक्शन रीड ओन्ली' ही फक्त वाचू देणारी सेटिंग लावा, झालं काम. ती सेटिंग यूझर स्वतःच एका ओळीत बंद करू शकतो. चुकून हात लागू नये म्हणून ठीक आहे. कुलूप म्हणून तिचा उपयोग नाही.

काट्यावरच्या संगणकाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तिथे मी स्वतः आपटलो आहे. दिंडोरी रोडकडचं एक पॅकहाऊस, जानेवारी, ऐन हंगाम. काट्याच्या लॉगिनला सगळेच हक्क होते. मी दुपारी ते काढून घेतले आणि फक्त 'वजन_पावती' टेबलावर इन्सर्ट दिला. काट्यावर पावती करायची, दुसरं काही करायचं नाही, हिशेब सरळ होता. एक पावती टाकून पाहिली, पडली. घरी निघालो. रात्री साडेनऊच्या सुमारास द्वारका चौकात गाड्यांच्या गर्दीत अडकलेलो असताना फोन. काट्यावर बसणाऱ्या ताई. 'सर, क्रेट ठेवला, वजन येतंय, पावती होत नाही. लाल अक्षरात काहीतरी येतंय.' वाचा म्हटलं. त्या एकेक अक्षर वाचायला लागल्या, कारण स्क्रीनवर धुळीसाठी प्लास्टिक ताणलेलं, त्यावर दिव्याची तिरीप. 'पी, ई, आर, एम...' मागे कोणीतरी हमालांना थांबा म्हणत होतं. 'फॉर' च्या पुढचा शब्द 'एस, ई, क्यू' असा सुरू झाला आणि माझ्या डोक्यात उजेड पडला.

सिक्वेन्स. पावतीचा नंबर देणारा रकाना जुन्या सिरियल पद्धतीचा होता. त्यामागे सिक्वेन्स नावाची वेगळी वस्तू असते आणि तिच्यावर वेगळी परवानगी लागते. टेबलावर इन्सर्ट असला तरी नंबर घेता येत नाही, म्हणून ओळ पडत नाही. गाडी बाजूला घेतली, बॉनेटवर लॅपटॉप, मोबाइलचं इंटरनेट, 'ग्रँट यूसेज ऑन सिक्वेन्स'. ताईंना म्हटलं आता करा. दोन मिनिटांनी पुन्हा फोन, पुन्हा लाल अक्षरं, या वेळी 'फॉर टेबल वजन_पावती'. आता मी खरंच गोंधळलो, इन्सर्ट तर दिलेला होता. मग आठवलं: ॲप पावती टाकल्या टाकल्या 'रिटर्निंग' वापरून तिचा नंबर परत मागतं, छापायला. परत मागणं म्हणजे वाचणं, आणि वाचण्याला सिलेक्ट लागतो. दिला. पावती छापली. तोवर पंचवीस मिनिटं गेली होती, कंटेनर फाटकात उभा होता आणि ताईंनी पुठ्ठ्याच्या खोक्याच्या मागे पेनाने बावीस वजनं लिहून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी मी ती हाताने चढवली. शेठ काही बोलले नाहीत, फक्त चहा आला नाही.

चूक कुठे झाली? दुपारी पावती टाकून पाहिली ती मी माझ्या लॉगिनने. मालकाला कुठलंच दार बंद नसतं, त्यामुळे ती चाचणीच नव्हती. चाचणी त्या-त्या लॉगिनच्या टोपीतच करायची. पोस्टग्रेसमध्ये याची सुरेख सोय आहे: ग्रँट आणि रिव्होक ट्रान्झॅक्शनच्या (एकत्र पक्क्या किंवा एकत्र रद्द होणाऱ्या कमांडच्या गटाच्या) आत चालतात. 'बिगिन' म्हणा, रिव्होक करा, 'सेट रोल काटा' म्हणा, ॲप जशी पावती टाकतं तंतोतंत तशी टाका, बघा काय होतं, आणि 'रोलबॅक'. सगळं होतं तसं. एक गोष्ट मात्र परत येत नाही: सिक्वेन्सने दिलेला नंबर. तुमच्या पावतीचा नंबर थेट त्यातून येत असेल तर मध्ये एक नंबर गायब दिसेल आणि अकाउंटवाले विचारतील. आधीच सांगून ठेवा. आवृत्ती १० पासून आलेला आयडेंटिटी प्रकारचा रकाना वापरलात तर सिक्वेन्सची वेगळी परवानगी लागत नाही. नव्या टेबलांत तोच घ्या. आणि अपडेट देताना लक्षात ठेवा, 'व्हेअर' मधला रकाना वाचावा लागतो, म्हणून नुसता अपडेट देऊन भागत नाही, सिलेक्टही लागतो.

अकाउंटला काय दाखवायचं, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण विचारायला हवा होता. तुमच्या शेतकरी टेबलात मोबाइल नंबर आहेत, बँक खाती आहेत, कदाचित आधारही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. निफाडच्या पॅकहाऊसला कोणी एवढा दंड करेल असं नाही, पण 'काळजी घेतली होती का' हा प्रश्न उद्या कोणीही विचारू शकतो. मी मूळ टेबल अकाउंटला देत नाही, त्यावर एक व्ह्यू (टेबलातलं निवडक तेवढंच दाखवणारी खिडकी) करतो: नाव, गाव, प्लॉट, वजन, रक्कम आणि खात्याचे शेवटचे चार आकडे. सिलेक्ट फक्त व्ह्यूवर. व्ह्यू त्याच्या मालकाच्या हक्काने आतलं टेबल वाचतो, म्हणून वापरणाऱ्याला टेबलावर हक्क लागत नाही. रकान्यावारी ग्रँटही देता येतो, पण त्यात एक सापळा आहे. आधी अख्ख्या टेबलावर सिलेक्ट दिलेला असेल तर नंतर एका रकान्यावरचा रिव्होक काहीच करत नाही, आणि कमांड मात्र 'झालं' म्हणून सांगते. आधी टेबलावरचा काढा, मग हवे ते रकाने द्या. तुमच्या बाबतीत तर आधीच वाटलेला सगळा सिलेक्ट आधी परत घ्यायचा आहे, हे विसरू नका.

आता गेलेला डेव्हलपर. ड्रॉप रोल का होत नाही? त्याच्या नावावर टेबलं आहेत आणि इतर अधिकारात त्याचं नाव जागोजागी आहे. वारस लावल्याशिवाय उताऱ्यावरचं नाव जात नाही, फेरफार घालावा लागतो. पोस्टग्रेस नकार देताना त्याखाली यादीही देतं, ती वाचा. सध्याच्या डेटाबेसमधल्या वस्तू नावानिशी असतात, दुसऱ्या डेटाबेसमधल्यांचा फक्त आकडा. क्रम असा ठेवा. आधी 'नोलॉगिन' करून दार बंद करा. उघडी असलेली कनेक्शन तोडा, कारण दार बंद केलं तरी आत बसलेला आतच राहतो. मग 'रीअसाइन ओन्ड बाय डेव्हलपर टू पॅकहाऊस_मालक', हा झाला फेरफार. मग 'ड्रॉप ओन्ड बाय डेव्हलपर', याने त्याला मिळालेले उरलेसुरले ग्रँट जातात. या दोन्ही कमांड प्रत्येक डेटाबेसमध्ये जाऊन वेगवेगळ्या चालवायच्या, कारण रोल सगळ्या सर्व्हरचा असतो आणि टेबलं एकेका डेटाबेसची. शेवटी ड्रॉप रोल. क्रम उलटा झाला तर? ड्रॉप ओन्ड आधी चालवलंत तर त्याच्या नावावरची टेबलं माहितीसकट जातील. बॅकअप घेऊनच बसा, आणि तो उघडून पाहिलेला असू द्या.

त्याने कोणाला 'विथ ग्रँट ऑप्शन' ने, म्हणजे पुढे वाटायच्या मुभेसह, हक्क वाटले असतील तर साखळी असते. ही कल्पना आजची नाही, आयबीएमच्या सिस्टम आर प्रकल्पात १९७६ मध्येच ग्रिफिथ्स आणि वेड यांनी ती मांडली होती: वरच्याचा हक्क काढला की त्याने पुढे दिलेलेही जावेत. पोस्टग्रेस मात्र आपणहून साखळी तोडत नाही, 'यावर अवलंबून असलेले हक्क आहेत' म्हणून थांबतं आणि 'कॅस्केड' म्हणायला लावतं. मी ग्रँट ऑप्शन कोणालाच देत नाही. पोटभाडेकरू ठेवायची परवानगी कशाला द्या?

तुमचा दुसरा सर्व्हर मायएसक्यूएलवर आहे असा ओझरता उल्लेख आहे, तिथलं थोडक्यात. तिथे यूझर म्हणजे नाव आणि पत्ता मिळून एक, म्हणून त्याच नावाचे दोन वेगवेगळे यूझर असू शकतात आणि कोणता लागला ते कळत नाही. लॉगिन करून 'करंट यूझर' विचारा. रोल ८.० पासून आहेत, पण दिलेला रोल लॉगिनला आपोआप लागू होत नाही, 'सेट डिफॉल्ट रोल' करावा लागतो. बहुतेकांचं तिथेच अडतं. आणि पोस्टग्रेसच्या उलट, टेबल पाडलं तरी त्यावरचे ग्रँट तिथे शिल्लक राहतात. त्याच नावाचं टेबल पुन्हा बनवलंत की जुने मानकरी हजर.

उरला माणसांचा भाग. शेठना सुपरयूझर पासवर्ड हवा असतो, आणि तो त्यांचा हक्कच आहे, सर्व्हर त्यांचा. मी पासवर्ड कागदावर लिहून लिफाफ्यात घालतो, चिकटवलेल्या जागी तारीख आणि दोन सह्या, आणि लिफाफा त्यांच्या तिजोरीत. फोडला की पासवर्ड बदलायचा. आजवर एकाही शेठनी याला नकार दिलेला नाही. उलट बरं वाटतं त्यांना. रोजच्या वापरासाठी त्यांना 'वाचणारे' चं लॉगिन पुरतं.

काम एका दिवसात करू नका. आज सुपरयूझर काढा आणि पब्लिक स्कीमाचं दार लावा, याने कोणाचं काम फारसं अडणार नाही. सुपरयूझर काढल्यावर अकाउंटच्या मुलाला दोन-तीन टेबलं दिसेनाशी होतील, तेवढी हाताने द्या. नंतर मालक रोल काढून टेबलं त्याच्या नावावर करा. इथे एक अट आहे. सगळ्यांचा तो जुना यूझर 'पोस्टग्रेस' हाच असेल, तर त्याच्यावर रीअसाइन ओन्ड चालणार नाही, कारण खुद्द सिस्टमच्या वस्तूही त्याच्याच नावावर असतात. मग एकेका टेबलाला 'ऑल्टर टेबल ओनर टू' करत बसावं लागेल. तीस-चाळीस टेबलांना एक दुपार पुरते. ॲप आणि काटा आपापल्या लॉगिनवर हलवणं सगळ्यात शेवटी, आणि तेही पावसाळ्यात, पॅकहाऊस बंद असताना. जानेवारी ते एप्रिल काट्याला हात लावायचा नाही, हे मी द्वारका चौकात शिकलो. एप्रिलमध्ये बागांची खरड छाटणी सुरू झाली की मी माझ्या सगळ्या पॅकहाऊसच्या रोलची यादी काढतो आणि त्या हंगामापुरते आलेले लॉगिन छाटतो. तारीख वेगळी लक्षात ठेवावी लागत नाही.

तोवर उद्या सकाळी बॅकस्लॅश डीटी मारून मालकाच्या रकान्यात किती वेगवेगळी नावं दिसतात ते कळवा. दोनपेक्षा जास्त असतील तर पुढचा क्रम थोडा बदलेल.